काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल

विहित मुदतीत हरकत न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. बहुतेक सरकारी जाहीर सूचनांचा शेवट या किंवा अशाच वाक्यानं होतो. जमिनीचा फेरफार असो, रस्त्याचं रुंदीकरण असो, शहराचा विकास आराखडा असो की कारखान्याची परवानगी, वरचा मजकूर बदलतो, हे वाक्य राहतं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, तहसिलीच्या भिंतीवर आपण ते इतक्या वेळा पाहिलेलं असतं की त्यातलं विचित्रपण जाणवेनासं होतं. एरवी समोरचा माणूस गप्प बसला तर आपण विचारतो, का रे बाबा, काय झालं? इथे गप्प बसणं हेच उत्तर धरतात, आणि ते उत्तर काय आहे हे प्रश्न विचारणाऱ्यानं आधीच लिहून ठेवलेलं असतं.

कायद्याच्या दृष्टीनं यात गैर काही नाही. राज्याला दारोदार जाऊन प्रत्येकाला विचारता येत नाही, आणि मुदत ठेवली नाही तर एक पूलही बांधून व्हायचा नाही. म्हणून कायदा एक गोष्ट मानून चालतो: ठरलेल्या जागी ठरलेल्या मुदतीसाठी छापलं की ते सगळ्यांना कळलं. हे खरं नाही हे छापणाऱ्यालाही माहीत असतं. ती एक तडजोड आहे आणि बऱ्याचदा ती चालूनही जाते. पण या तडजोडीला कुठेतरी एक हद्द असणार, आणि त्या हद्दीपलीकडे ती फसवणूक होत असणार. ती हद्द कुठे आहे, हा माझा प्रश्न आहे. नियमांच्या पुस्तकात त्याचं उत्तर मिळत नाही, कारण तो मुळात असा आहे: एखाद्याला आपण 'सांगितलं', एखाद्याला आपण 'विचारलं', असं प्रामाणिकपणे केव्हा म्हणता येतं?

या प्रश्नाकडे मी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातून, रिद्धपुरातून बघणार आहे. हल्ली रिद्धपूरचं नाव मराठी भाषा विद्यापीठामुळे पुन्हा कानावर पडायला लागलं. महानुभावांसाठी ते कायमच काशीच्या ठिकाणी होतं. माझ्या दृष्टीनं मात्र त्याचं महत्त्व आणखी वेगळं आहे. माणसांकडून माहिती गोळा करण्याचं मराठीतलं बहुधा सगळ्यात जुनं आणि सगळ्यात काळजीपूर्वक केलेलं काम या गावात झालं. आणि आजच्या काळात, सरकारनं विचारलं की नाही विचारलं यावरून पेटलेली दोन मोठी भांडणं याच तालुक्यातल्या एका धरणाशी जोडलेली आहेत.

त्याआधी थोडं शब्दांविषयी, कारण सरकारी मराठी आपण समजतो तितकी निर्जीव नाही. 'जाहीर' म्हणजे उघड, दिसणारं. कुणाला दिसणारं, हे तो शब्द सांगत नाही. 'सूचना' या शब्दाची गंमत अशी की सरकार आपल्याला देतं ती सूचना, आणि आपण सरकारला पाठवतो त्याही 'हरकती व सूचना'च. एकच शब्द दोन्ही दिशांनी चालतो. भाषेनं तरी इथे बरोबरी मान्य केलेली आहे. आणि 'सुनावणी'! शिक्षा सुनावतात, सासू सुनेला चार शब्द सुनावते, कोर्टात सुनावणी होते. मूळ अर्थ ऐकवणं. मग जनसुनावणीत कोण कुणाला ऐकवतं? नावाप्रमाणे जनतेनं ऐकवायचं आणि अधिकाऱ्यानं ऐकायचं. पण मांडवातली बैठक पाहिली, व्यासपीठ कुठे, माइक कुणाच्या हातात, पहिला तासभर कोण बोलतं हे पाहिलं, की 'सुनावणे' हे क्रियापद त्याच्या दुसऱ्या, ओळखीच्या अर्थानं चालू आहे हे कळतं.

आता रिद्धपूर. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी इथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिले. स्वामींच्या आठवणी लोकांच्या मनात होत्या आणि माणसं म्हातारी होत चालली होती. शके १२०० च्या, म्हणजे इसवी सन १२७८ च्या सुमारास म्हाइंभटानं त्या गोळा करायला घेतल्या, असं मानलं जातं. हा गृहस्थ मोठा पंडित. पण काम त्यानं ऐकणाऱ्याचं पत्करलं. ज्यानं पाहिलं, ज्यानं ऐकलं, त्याच्याकडे जायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं, आणि मग ते नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घ्यायचं. सांगणाऱ्यांत बायका होत्या, शिकलेले होते, न शिकलेले होते. गावातल्या वाजेश्वरीच्या स्थानी 'लीळाचरित्र' तयार झालं.

मूळ पोथी पुढच्या धामधुमीत गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, असं परंपरा सांगते. त्यामुळे पाठ वेगवेगळे झाले. आणि इथे मला फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट घडली. एकाच प्रसंगाची आठवण दोघांची दोन तऱ्हांची निघाली, तर एक खरी आणि एक खोटी ठरवून दुसरी पुसून टाकली गेली नाही. अमक्याच्या मते असं, तमकीच्या मते असं, सांगणाऱ्याच्या नावासकट दोन्ही टिकवली गेली. आजही अभ्यासक हिराइसाचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ अशी नावं घेतात. सातशे वर्षांपूर्वीच्या एका बाईचं नाव तिच्या आठवणीला चिकटून राहिलं आहे.

याच्या शेजारी आपल्या कार्यालयीन मराठीतलं एक वाक्य ठेवून बघा: प्राप्त हरकती व सूचना विचारात घेण्यात आल्या. कुणाच्या हरकती? कुणी विचारात घेतल्या? घेऊन काय ठरवलं? कर्मणी प्रयोगात सगळी माणसं विरघळून जातात, बोलणाराही आणि ऐकणाराही.

या ठिकाणी कुणी म्हणेल की ही तुलना अन्यायाची आहे, आणि त्यात तथ्य आहे. म्हाइंभट गुरूच्या प्रेमानं बांधलेल्या माणसांना झालेल्या गोष्टी विचारत होता. जिल्हाधिकाऱ्याला भांडणाऱ्या माणसांना व्हायच्या गोष्टी विचारायच्या असतात. तिथे श्रद्धा होती, इथे हितसंबंध आहेत, भाडोत्री गर्दी आहे, कंत्राटदारानं ट्रॅक्टर भरून आणलेले 'ग्रामस्थ' आहेत. ते सगळं मान्य. तरी एक फरक या तुलनेतून स्पष्ट दिसतो, आणि तो हितसंबंधांवर अवलंबून नाही. माणसाकडून माहिती काढून घेणं वेगळं आणि माणसाचं ऐकून घेणं वेगळं. पहिल्यात माणूस साधन असतो. पर्जन्यमापक जसा पावसाचा आकडा देतो तसा तो त्याच्याजवळची माहिती देतो, आणि माहिती हाती आली की त्याची गरज संपते. दुसऱ्यात तो पक्षकार असतो. त्याचं म्हणणं ऐकल्यावर ऐकणाऱ्यावर काहीतरी बंधन येतं, निदान उत्तर देण्याचं. म्हाइंभट माहितीच गोळा करत होता, पण माणसाला पर्जन्यमापकासारखं वापरत नव्हता. आपल्याकडे उलट झालं आहे. ऐकून घेण्यासाठी म्हणून ज्या जागा कायद्यानं केल्या, त्यांचीही हळूहळू माहितीसंकलन केंद्रं झाली.

आधी नुसत्या माहितीसंकलनाचंच बघू. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी शेतात येऊन (किंवा न येता) पिकाची नोंद करायचा. आता शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून मोबाइलवर फोटो काढून ती करायची. कल्पना चांगली आहे, तलाठ्याच्या खुर्चीतल्या पाहणीपेक्षा नक्कीच चांगली. मग शेतकरी ओळख क्रमांक आला, आधार जोडणी आली, केवायसी आली. प्रत्येक वेळी माणसाचा अर्धा दिवस सेवा केंद्राच्या रांगेत जातो, आणि मजुरी करणाऱ्याच्या बाबतीत त्या अर्ध्या दिवसाची किंमत रुपयांत सांगता येते. ती कुणी मोजत नाही.

मोजता येते मात्र. अमेरिकेत १९८० साली सरकारी कागदांचं ओझं कमी करण्यासाठी एक कायदा झाला आणि १९९५ साली तो नव्यानं लिहिला गेला. केंद्रीय खात्याला दहा किंवा अधिक लोकांना एकच प्रश्नावली द्यायची असेल तर आधी राजपत्रात नोटीस द्यावी लागते: आम्ही हे विचारणार आहोत, या कारणासाठी विचारणार आहोत, आणि हे भरायला तुमचा अंदाजे इतका वेळ जाईल. त्यावर लोकांना मत द्यायला साठ दिवस, पुढे वरिष्ठ कार्यालयाकडे प्रस्ताव गेल्यावर आणखी तीस. मंजुरीचा क्रमांक फॉर्मवर छापलेला नसेल तर तो भरला नाही म्हणून नागरिकाला दंड करता येत नाही. या नोटिसा तिथलेही लोक चहा पिताना वाचत बसत नाहीत, हे उघड आहे. पण त्यामागचा विचार मला थांबवतो. विचारण्याआधी विचारायचं. नागरिकाचा वेळ ही सरकारची मालमत्ता नाही, ती उसनी घ्यावी लागते, आणि उसनं घेणाऱ्यानं किती घेतलं याचा हिशेब द्यायचा. आपल्या एखाद्या अर्जाच्या कोपऱ्यात 'हा अर्ज भरण्यासाठी आपली एक दिवसाची मजुरी बुडेल' असं छापलेलं असतं तर तो अर्ज कदाचित छापलाच गेला नसता.

आता ऐकून घेण्याच्या जागा. त्यांतली सगळ्यांत ठळक म्हणजे पर्यावरणविषयक जनसुनावणी. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेत तिची रीत तपशिलानं सांगितली आहे, आणि ती वाचणाऱ्याला आश्चर्य वाटेल इतकी चांगली आहे. एक राष्ट्रीय आणि एक स्थानिक भाषेतलं दैनिक, दोन्हींत जाहिरात. किमान तीस दिवसांची मुदत. वर्तमानपत्रं पोचत नाहीत तिथे दवंडी. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाच्या खालचा नाही असा अधिकारी. हजर असलेल्या प्रत्येकाला माहिती विचारण्याची संधी. चित्रीकरण. आणि शेवटी, झालेल्या कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत समजावून उपस्थितांना वाचून दाखवायचा. हे शेवटचं कलम लिहिणाऱ्यानं म्हाइंभटाचं नावही ऐकलं नसेल, पण तत्त्व तेच आहे: ऐकलेलं लिहायचं आणि लिहिलेलं पारखून घ्यायचं.

त्याच परिशिष्टात आणखी एक छोटं वाक्य आहे. कामकाज सुरू करण्यासाठी गणपूर्तीची अट नाही. म्हणजे एकही माणूस आला नाही तरी जनसुनावणी होऊ शकते. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेलाही गणपूर्ती लागते. 'जन' नसलेली जनसुनावणी कायदेशीर ठरू शकते, हे त्या वाक्यात मान्य केलेलं आहे. शिवाय लोकांना मिळतो तो अहवालाचा सारांश, राज्याच्या भाषेत. शेकडो पानांचा मूळ अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. पाण्याची पातळी किती खाली जाईल, राख कुठे पडेल, हे त्या पानांत असतं.

बरं, या सगळ्या खटाटोपातून निघतं काय? अनेक अधिकारी खासगीत एक तक्रार करतात आणि ती खोटी नसते. ते म्हणतात, लोक तेच तेच बोलतात. जमीन जाईल, पाणी जाईल, पोरांना नोकरी द्या. यात नवीन माहिती कुठली? आम्हाला हे सगळं आधीच ठाऊक आहे, मग ऐकायचं कशासाठी?

या प्रश्नाला एक जुनं उत्तर आहे. १७१८ साली केंब्रिज विद्यापीठानं रिचर्ड बेंटली नावाच्या विद्वानाच्या पदव्या त्याचं म्हणणं न ऐकता काढून घेतल्या. प्रकरण न्यायालयात गेलं. तेव्हा फोर्टेस्क्यू नावाच्या न्यायाधीशानं बायबलमधल्या कथेचा दाखला दिला, की खुद्द देवानंही आदमला बागेतून बाहेर काढण्यापूर्वी बोलावून विचारलं होतं. कायद्याचे विद्यार्थी ही गोष्ट गमतीची म्हणून ऐकतात. पण तिच्यात अधिकाऱ्यांच्या तक्रारीचं उत्तर आहे. देव सर्वज्ञ. फळ खाल्लं की नाही हे त्याला ठाऊकच होतं, आदमकडून त्याला काडीचीही माहिती मिळणार नव्हती. तरी त्यानं विचारलं. म्हणजे ऐकून घेण्याचं कारण माहिती मिळवणं हे नाहीच, किंवा निदान तेवढंच नाही. ज्याचं काही जाणार आहे त्यानं तोंडानं सांगणं आणि घेणाऱ्यानं ते समोर बसून ऐकणं, हा त्या माणसाचा माणूस म्हणून हिशेब आहे. तो चुकता न करता घेतलं तर ते उचलून नेणं होतं, मोबदला कितीही दिला तरी.

गोविंदप्रभूंच्या रिद्धपुरातल्या लीळांमध्ये मातंगांच्या विहिरीची लीळा आहे. पाण्यावाचून हाल होणाऱ्या या माणसांनी आपलं गाऱ्हाणं त्यांच्यापुढे मांडलं आणि त्यांच्यासाठी विहीर झाली. चमत्काराचा भाग श्रद्धेचा आहे, तो बाजूला ठेवू. माझं लक्ष जातं ते तेराव्या शतकातल्या गावात अस्पृश्य माणसं पाण्याचं मागणं घेऊन कुणाकडे तरी जाऊ शकली, आणि ज्यांनी ऐकलं त्यांनी पुढे काहीतरी केलं, या साध्या क्रमाकडे.

याच तालुक्यात, मोर्शीजवळ सिंभोऱ्याला, वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. सिंचनासाठी बांधलेलं. २००८ मध्ये त्यातलं दरवर्षी ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी अमरावतीजवळ नांदगावपेठला होऊ घातलेल्या सोफिया औष्णिक वीज प्रकल्पाला द्यायचं ठरलं. हे ठरवलं मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीनं. ज्यांच्या शेताला ते पाणी मिळायचं होतं त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं. वास्तविक महाराष्ट्रानं २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला होता, आणि पाणी कुणाला किती हे उघडपणे, निकष लावून ठरावं हाच त्याचा गाजावाजा होता. शेतकऱ्यांनी आंदोलनं केली, वाद न्यायालयात गेला. मग २०११ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली. कोणत्या क्षेत्राला किती पाणी हे ठरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि आधी घेतलेल्या निर्णयांना कायद्याचं संरक्षण मिळालं.

वीज हवीच, आणि अमरावतीला उद्योग हवेत, हे मीही म्हणेन. पाणी देण्याचा निर्णय कदाचित लोकांना विचारूनही झाला असता, थोड्या कमी पाण्याचा, काही अटींचा. तो प्रश्नच इथे उभा राहिला नाही. आधी न विचारणं ही चूक म्हणून सोडता येते. पण न विचारल्याचा आक्षेप आल्यावर, विचारण्याची गरजच नव्हती असा कायदा मागच्या तारखेपासून करणं, याला मी चूक म्हणणार नाही. सुरुवातीला जी हद्द शोधत होतो ती मला इथे ओलांडलेली दिसते.

त्याच धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची गोष्ट आणखी जुनी. त्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या काळात गेल्या. त्या कायद्यातही हरकत ऐकण्याचं कलम होतं, १९२३ साली घातलेलं, आणि तातडीचं कारण दाखवून ते टाळण्याची वाटही होती. धरण भरलं, वर्षं गेली, मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तक्रारी शिल्लक राहिल्या. मोर्शीत या धरणग्रस्तांचं दीर्घ आंदोलन चाललं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्यातले काही जण मुंबईला मंत्रालयात गेले आणि तिथल्या संरक्षक जाळीवर उड्या टाकल्या.

या जाळीचा इतिहास विसरून चालणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातले ८४ वर्षांचे शेतकरी धर्मा पाटील यांनी संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकल्यावर मंत्रालयातच विष घेतलं आणि काही दिवसांनी ते गेले. त्यानंतर आत्महत्येचे आणखी प्रकार घडले तेव्हा मंत्रालयाच्या मोकळ्या चौकात वरून पडणाऱ्याला झेलण्यासाठी जाळी बांधली गेली. लोक गाऱ्हाणं घेऊन येतात, कुणी ऐकत नाही, काही जण उडी मारू पाहतात, तर खाली जाळी लावायची. मग पुढचे लोक ठरवून जाळीवरच उडी मारायला लागले, कारण तिथून तरी टीव्हीवर दिसतं. मोर्शी तालुक्यातल्या माणसाला आपली हरकत नोंदवायला ही जागा सापडली. आणि खरं सांगायचं तर त्या एका दिवशी त्यांचं म्हणणं जितकं ऐकलं गेलं तितकं आधीच्या कित्येक निवेदनांनी ऐकलं गेलं नव्हतं. ज्या राज्यात हे असं असेल तिथे लोक सुनावणीला येत नाहीत म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार कुणाला राहतो?

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण रिद्धपूर म्हटलं की आपण मराठी माणसं लगेच त्यावर येतो आणि छाती फुगवतो. केशोबासांना संस्कृतात लिहायचं होतं तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं, माझ्या म्हाताऱ्या त्यामुळे वंचित होतील म्हणून, हे आपल्याला माहीत असतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हाही या परंपरेची आठवण निघाली. ते योग्यच. पण त्या गोष्टीचं सार मराठीच्या थोरवीत नाही. ज्यांना सांगायचं आहे त्या कोण आहेत हे आधी पाहून त्यावरून भाषा ठरवली गेली, यात ते आहे. नागदेवाचार्यांच्या डोळ्यांपुढे विशिष्ट म्हाताऱ्या होत्या. 'सर्व संबंधितांस' असा शब्द त्यांनी वापरला नव्हता.

रिद्धपूरच्या वायव्येला अचलपूर-परतवाडा ओलांडून वर चढलं की मेळघाट लागतो. तिथल्या कोरकू म्हाताऱ्यांची भाषा मराठीच्या कुळातलीही नाही, ती मुंडा कुळातली. तिथे तहसिलीतून निघालेली मराठी नोटीस म्हणजे केशोबासांचं संस्कृतच. आणि मेळघाटात विचारायचं असतं ते लहानसहान नसतं: व्याघ्र प्रकल्पासाठी गाव सोडता का? वनहक्क कायदा सांगतो की पुनर्वसनाला ग्रामसभेची मुक्त, माहितीपूर्ण आणि लेखी संमती हवी. त्या कायद्याच्या नियमांत ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आहे, हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बायका. पर्यावरण सुनावणीच्या शून्याशी याची तुलना करा. माहिती कुठल्या भाषेत द्यायची हे मात्र ते कलम सांगत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं या बाबतीत एक पाऊल टाकलं: तुमची माहिती घेण्यापूर्वी द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची मुभा हवी. अनुसूचीत बावीस भाषा आहेत. कोरकू त्यांत नाही. आपल्या भाषेसाठी दिल्लीशी भांडणाऱ्या आपण मराठी माणसांनी अमरावतीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात कोरकूसाठी किती भांडण केलं?

ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली काय झालं ते यासाठी आठवतं. बॉक्साइटच्या खाणीविषयी ग्रामसभांनी ठरवावं असं सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिलला सांगितलं. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात डोंगरावरच्या बारा गावांत सभा झाल्या, आणि बाराही गावांनी नकार दिला. पुढच्या वर्षी केंद्रानं खाणीला परवानगी नाकारली. हे उदाहरण सगळे देतात, कारण अशी उदाहरणं फार नाहीत. तिथे 'नाही' हे उत्तर शक्य होतं. मला वाटतं, विचारलं की नाही याची एवढी एक कसोटी तरी लावावी: 'नाही' म्हटलं असतं तर काही बदललं असतं का?

मग ज्या सुनावणीत ते शक्य नाही, तिथे जावं की जाऊ नये? चळवळीतल्या माणसांत हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजू खऱ्या आहेत. गेलं तर हजेरीपटावर सही होते आणि 'ग्रामस्थांशी सल्लामसलत झाली' असं लिहायला ती पुरते. न गेलं तर काही म्हणणे नाही असे समजण्यात येतं. बहिष्कार घालून मांडवाबाहेर घोषणा दिल्या तर चित्रीकरणात मांडव रिकामा दिसतो, आणि गणपूर्ती लागतच नाही. मी जाण्याच्या बाजूचा आहे, पण ऐकलं जाईल अशा आशेनं नाही. गोव्यातल्या खाणींच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये म्हटलं, की सुनावणीत आलेल्या आक्षेपांचा तज्ज्ञ समितीनं खरोखर विचार केला पाहिजे आणि कारणं दिली पाहिजेत. हे म्हणता आलं कारण कुणीतरी सुनावणीला जाऊन आक्षेप नोंदवून ठेवले होते. आज न ऐकलेलं उद्या कुणाला वाचता यावं, एवढ्यासाठी ते कागदावर नावानिशी असायला हवं.

आणि कागदावर नावानिशी ठेवण्याची रीत आपल्या महसूल खात्याला नवी नाही. जमिनीच्या फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, मुदतीत कुणी हरकत घेतली तर तलाठ्यानं (हल्ली त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) ती गाव नमुना सहा-अ मध्ये, म्हणजे तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत, वेगळी लिहायची. हरकत घेणाऱ्याला लेखी पोच द्यायची. वरिष्ठानं दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यायचा, आणि तो निर्णयही नोंदवायचा. दहा गुंठ्यांच्या वाटणीवरून भावानं भावाविरुद्ध घेतलेल्या हरकतीला एवढी व्यवस्था आहे. गावंच्या गावं उठवणाऱ्या, नदीचं पाणी फिरवणाऱ्या निर्णयांवरच्या हरकतींसाठी अशी वही नाही, जिच्यात डावीकडे माणसाचं नाव आणि म्हणणं असेल आणि उजवीकडे त्याला दिलेलं उत्तर.

वऱ्हाडातला शेतकरी तहसिलीत निवेदन द्यायला जातो तेव्हा दोन प्रती घेऊन जातो. एक देतो, दुसरीवर शिक्का आणि तारीख मागतो. आवक विभागातला माणूस कधी देतो, कधी म्हणतो साहेब आल्यावर या. तो बाहेर बाकावर बसून राहतो. काम होईल की नाही याविषयी त्याला फारशी आशा नसते. पण ती पोच घेतल्याशिवाय तो एसटी पकडत नाही, आणि घरी गेल्यावर ती सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवतो.